आनसीहून वऱ्हाडात : अंतःशांतीचा एक इतिहास

ज्युबिलीच्या स्मरणिकेत मंदिराची पायाभरणी, घंटेचे आगमन, देणगीदारांची नामावळी व पूर्वीच्या धर्मगुरूंची छायाचित्रे असावीत, हा प्रघात योग्यच आहे. ते सर्व वाचकांस इतर पानांवर मिळेल. आमच्या वाट्यास आलेल्या पानांत मात्र आम्ही अशा एका वस्तूचा इतिहास सांगू इच्छितो की, जिची नोंद स्नानसंस्काराच्या वा विवाहाच्या वहीत होत नाही, आणि तरीही जिच्याशिवाय त्या वह्या लिहिण्याचे कारणच उरले नसते. ती वस्तू म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेने लाभणारी अंतःकरणाची शांती. ती ह्या वऱ्हाडप्रांती कोठून आली, कोणत्या दिवसांत आली, आणि येथील दुःखांपुढे तिचा निभाव कसा लागला, हे पाहण्यासारखे आहे.

प्रत्येक मिस्साविधीत आपण एकमेकांस शांती देतो. सवयीने हे आपण इतके झटपट उरकतो की, नेमके काय दिले व काय घेतले ह्याचा विचार करावयास सवड राहत नाही. आपल्या मराठीत ‘शांत’ हा शब्द बहुधा काहीतरी थांबल्याचे सांगतो. मुले निजली की घर शांत होते. मालवलेल्या दिव्यालाही आपण शांत झाला म्हणतो. प्रभू येशू ज्या लोकांत जन्मला त्यांच्या शास्त्रातील ‘शालोम’ ह्या शब्दाचा अर्थ ह्याहून भरीव आहे. धडधाकटपणा, पूर्णता, कशाचीही उणीव नसणे, असे सर्व त्यात येते. आपल्या वाडवडिलांच्या पत्रांच्या आरंभी ‘क्षेम’ हा शब्द असे; तो त्याच्या पुष्कळ जवळचा होय. आणि प्रभूने ही शांती शिष्यांस कधी देऊ केली? पकडला जाण्याच्या रात्री, शेवटच्या भोजनाच्या वेळी. जग देते तशी ही नव्हे, हेही त्याने तेव्हाच बजावून ठेवले. शत्रू मशाली घेऊन निघण्याच्या बेतात असताना दिलेली ही देणगी आहे. तेव्हा तिचा इतिहास सुखाच्या दिवसांत शोधण्यात अर्थ नाही. वाईट दिवसांची तर वऱ्हाडास कधी वाण पडलेली नाही.

आमच्या प्रांती कॅथोलिक श्रद्धेची पेरणी मुख्यत्वे ज्या धर्मगुरूंनी केली, ते संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या नावाने चालणाऱ्या मिशनरी संघाचे होते. म्हणून प्रथम ह्या संताकडे वळले पाहिजे. त्यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजी सावोय प्रांतात एका सरदार घराण्यात झाला. आल्प्स पर्वताच्या कुशीतील हा प्रांत आज फ्रान्समध्ये मोडतो. त्या काळी तेथे स्वतंत्र ड्यूकचा अंमल होता. चित्रांत हे संत फार सौम्य व प्रसन्न दिसतात, आणि त्यामुळे हा स्वभाव त्यांस उपजतच लाभला असावा असा पाहणाऱ्याचा समज होतो. इतिहास तसे सांगत नाही.

पॅरिस येथे येशूसंघीयांच्या विद्यालयात शिकत असता, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १५८६-८७ च्या हिवाळ्यात त्यांच्या मनावर एक भयंकर सावट आले. कोण तरणार व कोण नाश पावणार हे परमेश्वराने आधीच ठरवून टाकले आहे काय, हा वाद त्या काळी विद्वानांत धुमसत होता. फ्रान्सिसच्या मनाने घेतले की, आपण नाश पावणाऱ्यांतच आहोत. सटवाई पाचव्या रात्री कपाळी लिहून जाते व ते कोणास पुसता येत नाही, असे आपल्याकडे बायाबापड्या म्हणतात. ही धास्ती त्याच जातीची, फक्त तिच्या अंगावर पांडित्याची वस्त्रे होती. सुमारे सहा आठवडे त्यांस धड अन्न जाईना, झोप लागेना, शरीर खंगले. अखेरीस एके दिवशी सेंट एतिएन दे ग्रे ह्या मंदिरात पवित्र मरियेच्या काळ्या मूर्तीपुढे गुडघे टेकून त्यांनी मनाशी ठरविले की, परलोकी आपले काय व्हावयाचे असेल ते होवो, निदान ह्या जन्मी तरी आपण देवावर प्रीती करावी. मग त्यांनी तेथेच मरियामातेची प्रार्थना म्हटली, आणि ते उठले तेव्हा मनावरचे ओझे उतरले होते. ती मूर्ती फ्रेंच राज्यक्रांतीच्या विध्वंसातूनही वाचली, व आज ती पॅरिसनजीक न्यूयी येथे आहे.

ह्या प्रसंगापाशी आम्ही इतके रेंगाळलो त्यास कारण आहे. शांतीचा हा आचार्य निराशेच्या तळाशी जाऊन आलेला होता. काठावर उभे राहून उपदेश करणाऱ्याचे बोलणे आणि त्या दरीतून परतलेल्याचे बोलणे ह्यांत अंतर असते, व दुःखी मनुष्यास ते ताबडतोब कळते.

पुढे १५९३ साली ते धर्मगुरू झाले आणि १६०२ साली जिनिव्हाचे बिशप झाले. जिनिव्हा शहर काल्विनपंथीयांच्या हाती असल्याने स्वतःच्या गादीच्या गावी त्यांस राहता येईना. म्हणून आनसी ह्या तळ्याकाठच्या नगरात राहून त्यांनी कारभार पाहिला. युरोपात धर्माच्या नावाने तलवारी उपसलेल्या होत्या. अशा काळात, १६०९ साली, त्यांनी ‘भक्तियुक्त जीवनाची प्रस्तावना’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो मठवासीयांसाठी नाही. संसारात गुरफटलेल्या एका बाईस लिहिलेल्या पत्रांतून तो वाढला. त्याच्या चौथ्या भागात अस्वस्थतेवर एक लहानसे प्रकरण आहे. पाप वगळले तर जीवाचे अस्वस्थतेइतके नुकसान दुसरे काहीच करीत नाही, असे त्यांचे मत. आणि दृष्टांत ते देतात तो जाळ्यात सापडलेल्या पाखराचा, जे सुटण्यासाठी जितके फडफडते तितके अधिकच गुंतते. उपाय सांगताना ते प्रथम मन स्थिर करावयास सांगतात. आणि मग असे म्हणतात की, मनातील सल एखाद्या विश्वासू माणसापाशी बोलून टाकावा. हा उपाय सर्व उपायांत श्रेष्ठ होय. दुसऱ्या एका ठिकाणी ते बजावतात की, आपल्या हातून काही वावगे घडल्यास स्वतःच्याच मनावर चवताळून जाऊ नये. बाप लेकरास समजावितो तसे त्यास समजवावे. संसारात कसे वागावे ह्याविषयीही त्यांचा एक गोड दाखला आहे: एका हाताने बापाचा हात घट्ट धरलेले मूल दुसऱ्या हाताने कुंपणाची फळे तोडीत चालते, तसे चालावे. आमच्या इकडची पोरे बांधावरची बोरे तोडीत चालतात, तेच हे चित्र.

येथे एक योगायोग नमूद करण्याचा मोह आवरत नाही. ह्याच संताचा ईश्वरप्रीतीवरील थोर प्रबंध १६१६ साली प्रसिद्ध झाला. आणि त्याच १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. स्टीफन्स हे इंग्लंडचे. तेथे कॅथोलिकांचा छळ चालू असता त्यांनी मायदेश सोडला आणि १५७९ साली ते गोव्यास पोचले. दोघेही अशांत देशांचे पुत्र, दोघांचेही लेखन सामान्य भाविकांसाठी. गोव्याकडे ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांतून गाइली जाऊ लागली. आनसीच्या शिकवणुकीस मात्र मराठी मुलुखात यावयास आणखी सुमारे अडीचशे वर्षे लागली.

आनसी येथेच १८३८ साली फादर पिएर मारी मेर्मिये ह्यांनी त्या संताच्या नावाने मिशनरी संघ स्थापिला. त्याची पहिली तुकडी १८४५ साली निघाली व १८४६ साली विशाखापट्टणास पोचली. तेथून कामठीची छावणी, नागपूर आणि पुढे वऱ्हाड, असा त्यांचा मार्ग झाला. आरंभी त्यांच्या मिस्सेस येणारे लोक म्हणजे बहुतेक छावणीतले आयरिश शिपाई व रेल्वेचे नोकर. फादर मेर्मिये ह्यांनी मदर क्लोदीन एशेर्निए ह्यांच्यासह स्थापिलेल्या पवित्र क्रुसाच्या संघातील भगिनी १८८६ साली भारतात आल्या. अमरावतीची होली क्रॉस शाळा त्यांच्याच परंपरेची. १८८७ साली नागपूरचा धर्मप्रांत झाला. असो. ह्या नावानिशीवार तपशिलात आम्ही अधिक शिरत नाही.

हे लोक आले तेव्हाचा वऱ्हाड काही दरिद्री नव्हता. १८५३ च्या तहाने निजामाने तो इंग्रजांच्या ताब्यात दिला होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या पऱ्हाटीस सोन्याचे मोल आले. १८६५ साली ते युद्ध मिटले व भाव खाली आला. १८६७ साली आगगाडी अकोला व बडनेरा ह्या वाटेने नागपुरास पोचली. परदेशच्या युद्धाने येथे दिवाळी व तेथल्या तहाने येथे शिमगा, ही वऱ्हाडी शेतकऱ्याच्या नशिबाची तऱ्हा तेव्हापासूनची आहे. तरीही येथली काळी जमीन इतकी कसदार की, वऱ्हाडात दुष्काळ पडतच नाही असे लोक अभिमानाने म्हणत.

तो अभिमान १८९९ साली धुळीस मिळाला. १८९६-९७ च्या टंचाईतून प्रांत सावरतो न सावरतो तोच पावसाने पूर्ण पाठ फिरविली. संवत १९५६ म्हणून लोक त्यास छप्पनचा काळ म्हणू लागले. ज्वारी गेली, कडबा गेला, गुरे गेली. माणसे खडी फोडण्याच्या सरकारी कामांवर लोटली. जी फोडू शकत नव्हती ती कंगालखान्यांत गेली. त्यांच्यामागून पटकी आली. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची वस्ती २८ लाख ९७ हजारांवर होती. १९०१ साली ती २७ लाख ५४ हजारांवर आली. जेथे दहा वर्षांत माणसे वाढावयाची तेथे शंभरांमागे पाच कमी झाली, ह्या एका आकड्यात किती घरांची दारे बंद झाली ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. सातपुड्यातील मेळघाटाच्या कोरकू बांधवांची दैना तर विचारूच नये.

ग्रंथांची पाने उलटीत बसण्याचे ते दिवस नव्हते. मिशनच्या दारी येई त्यास आधी भाकर व पाणी, मग बाकीचे. मायबाप गेलेल्या पोरांस धर्मगुरूंनी व भगिनींनी पदरी घेतले. त्या काळापासून आमच्या लोकांस एक टोमणा ऐकावा लागला आहे की, हे पोटासाठी बाटले. ह्या टोमण्याने पुष्कळ जण ओशाळतात. आम्हांस त्यात ओशाळण्यासारखे काही दिसत नाही. भुकेल्या मनुष्याने जेथे अन्न मिळाले तेथे देव ओळखला, तर त्यात देवाचा काय अपमान झाला? प्रभूने पाच हजारांस प्रथम जेवू घातले, आणि जीवनाच्या भाकरीविषयीचे प्रवचन दुसऱ्या दिवशी केले. हा क्रम त्यानेच घालून दिलेला आहे. धान्य मिळेपर्यंतच जे राहिले ते पाऊस पडल्यावर निघूनही गेले, आणि ते साहजिक होते. प्रश्न राहतो तो जे राहिले त्यांचा. सुगी परतल्यानंतर, जातभाईंनी पाण्याचा घडा वेगळा केला असताना, ह्या लोकांस येथे कशाने धरून ठेवले? आमच्या समजुतीने, त्यांस येथे कोणीतरी विचारणारे भेटले. आपण कपाळीच्या लेखाने टाकून दिलेले नसून कोणाचे तरी लेकरू आहोत, ही गोष्ट त्यांस पटली. पॅरिसच्या त्या मंदिरात एकोणीस वर्षांच्या मुलास जे गवसले, तेच खडी फोडून हाताला घट्टे पडलेल्या माणसास गवसले. चिखलदऱ्याच्या पठारावर आज मरियमपूर नावाची ख्रिस्ती वस्ती आहे. तिचे नाव ऐकले की आम्हांस ह्या दोन गोष्टी एकदम आठवतात.

१९१८ साली मानमोडीची साथ आली. इन्फ्ल्युएन्झाच्या त्या साथीने साऱ्या हिंदुस्थानात अनर्थ केला, आणि अतिशय होरपळलेल्या भागांत मध्यप्रांत व वऱ्हाड होते. मग दुसरे महायुद्ध, महागाई, स्वातंत्र्य. ८ मे १९५५ रोजी अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला व जोसेफ आल्बर्ट रोझारिओ हे त्याचे पहिले बिशपस्वामी झाले. तेही संत फ्रान्सिसच्या संघाचेच. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि १९९८ पासून वेगळा झालेला वाशीम, एवढा प्रदेश त्यात येतो. वाचकांच्या लक्षात आले असेल की, आम्ही ज्या जिल्ह्यांची नावे घेतली तीच नावे गेली पंचवीस-तीस वर्षे वर्तमानपत्रांत एका निराळ्या कारणाने छापून येत आहेत.

त्याविषयी बोलल्यावाचून हा लेख पुरा करणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग ह्यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यांत वरील पाच जिल्हे व वर्धा होते. कारण एकच, शेतकऱ्यांच्या आत्महत्या. पावसावरची कोरडवाहू शेती, पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणीही पिकास निरुपयोगी, बियाणे व औषधे उधारीची, २०१७ सारख्या वर्षी बोंडअळीने हातचे पीक नेले, आणि भाव मात्र दूर कोठेतरी ठरलेला. सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा चढतो तो उतरत नाही. ह्या गोष्टींचे उत्तर पाणी, भाव व पतपुरवठा ह्यांनीच द्यावयाचे आहे. ते जपमाळेने देऊ पाहणारा धर्मगुरू धर्माचीच बदनामी करतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. एका घरी आम्ही सांत्वनास गेलो असता तेराव्याच्या दिवशीच वसुलीचा कागद येऊन पडला होता. तो कोणी धाडला ते येथे लिहीत नाही. परंतु त्या माउलीपुढे बसून देवाची इच्छा, एवढे दोन शब्द उच्चारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही, आणि कोणासही होऊ नये.

अशा मृत्यूंविषयी पवित्र सभेची भूमिकाही ह्या शंभर वर्षांत कशी बदलत गेली, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक नसते. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार, समजून-उमजून स्वतःचा प्राण घेणाऱ्यास, मरणापूर्वी पश्चात्तापाचे चिन्ह दिसले नसल्यास, ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला जात असे. नियमामागे जीव हा देवाचा आहे हे सत्य होते, आणि ते आजही ढळलेले नाही. परंतु त्या नियमाने शोकात असलेल्या घरावर लज्जेचा डाग पडे. १९८३ च्या संहितेतून हा नकार वगळण्यात आला. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात सांगितले आहे की, तीव्र मनोविकार, छळाची वा यातनांची भीती, मनाचा दारुण क्लेश ह्यांनी मनुष्याची जबाबदारी उणावते. अशांच्या तारणाची आशा सोडू नये. देवालाच ठाऊक असलेल्या वाटांनी तो त्यांस पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि सभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. आर्सचे धर्मगुरू संत जॉन व्हियानी ह्यांच्याविषयी फार पूर्वीपासून सांगतात की, पतीने जलसमाधी घेतल्याने खचलेल्या एका विधवेस त्यांनी न विचारताच सांगितले होते की, पूल आणि पाणी ह्यांच्यामध्ये त्यास पश्चात्तापास अवसर होता. कायद्यात जे १९८३ साली आले, ते एका खेड्यातल्या पाद्र्याच्या हृदयात एकोणिसाव्या शतकातच होते.

मग श्रद्धेची शांती ह्या घरांत काय करते? आम्ही पाहिले आहे ते लहान आहे. बोलणे हा सर्व उपायांत श्रेष्ठ उपाय, असे संत फ्रान्सिस सांगून गेले. वऱ्हाडी पुरुष हसतखेळत बोलेल, राजकारण बोलेल, पऱ्हाटीचे बोलेल. मनातले बोलणार नाही. कर्जाचा आकडा बायकोसही सांगणार नाही. म्हणून मागील काही वर्षांत आम्ही पापनिवेदनाच्या जागेहून पारावर अधिक बसतो. जो गप्प झाला आहे, ज्याने बैल विकला आहे, जो मुलांच्या अंगावरून उगाच हात फिरवितो, त्याच्या घरी दोघे जण दुसऱ्या दिवशी पुन्हा जातात. झोप उडाली असेल तर त्यास डॉक्टरांकडे नेतात. त्यात श्रद्धेची उणीव मुळीच नाही, फ्रान्सिसही त्या सहा आठवड्यांत देहानेच आजारी पडले होते. संत विन्सेंट द पॉल ह्यांच्या नावाने चालणाऱ्या मंडळींनी, तसेच बचत गटांच्या भगिनींनी, हे काम गाजावाजा न करता चालविलेले आम्हांस ठाऊक आहे. किती जण वाचले, ह्याचा आकडा कोणी मांडू शकत नाही, कारण जो वाचला तो दुसऱ्या दिवशी वखर घेऊन शेतात गेलेला असतो.

नोव्हेंबरच्या दोन तारखेस मृतांच्या स्मरणाचा दिवस असतो. त्या दिवशी वेदीपाशी टोपलीत नावांच्या चिठ्ठ्या पडतात व मिस्सेपूर्वी ती सर्व नावे मोठ्याने वाचली जातात. पूर्वी जी नावे घरचे लोक लिहावयास कचरत, तीही आता त्या टोपलीत असतात, इतरांच्या नावांत मिसळलेली. शेजारच्या आळीतल्या दोन-तीन हिंदू माउल्याही आपापल्या माणसाची चिठ्ठी आणून देतात. ते दिवस कापूस वेचणीचे असतात. म्हणून आम्ही त्या दिवशीची मिस्सा संध्याकाळी उशिरा ठेवितो. वेचणी मोजून देऊन, बोंडांनी ओरखडलेल्या बोटांनी, बायका परस्पर शेतातूनच येतात, आणि दफनभूमीत मेणबत्त्या लावून अंधार पडल्यावर घरी जातात.